साठीनंतर नाडी आणि मेंदू: घरी काय मोजायचं, कसं लिहायचं, डॉक्टरांना काय विचारायचं

बीपीच्या मशीनवर तीन आकडे येतात. वरचा, खालचा आणि शेवटी पल्स. बहुतेक घरांत पहिले दोन मोठ्याने वाचले जातात, फॅमिली ग्रुपवर टाकले जातात, आणि तिसऱ्याकडे कुणी बघतही नाही. मला या तिसऱ्या आकड्याबद्दलच लिहायचंय, कारण घरात साठी-सत्तरीच्या पुढचं माणूस असेल तर त्याच्या मेंदूवर येऊ शकणाऱ्या काही संकटांची चाहूल नाडीतून आधी लागते आणि त्यासाठी दोन बोटं, सेकंदकाटा असलेलं घड्याळ आणि एक वही एवढंच लागतं. मी डॉक्टर नाही. आई आणि सासरे, दोघांची वही मी बरीच वर्षं ठेवतेय, त्यांच्या डॉक्टरांना प्रश्न विचारत आलेय, या विषयावरचं मिळेल ते वाचत आलेय, त्यातलं जे पक्कं आहे तेवढंच इथे लिहितेय.

आधी संबंध काय ते

मेंदूचं वजन शरीराच्या साधारण २ टक्के, पण शरीर जेवढा ऑक्सिजन वापरतं त्यातला जवळपास २० टक्के एकट्या मेंदूला लागतो, आणि साठवून ठेवायची सोय त्याच्याकडे नाही. म्हणजे हृदयाने पंप केलेलं रक्त त्याला क्षणाक्षणाला हवं. ठोके फार जलद, फार मंद किंवा वेडेवाकडे पडायला लागले की पहिला फटका मेंदूला बसू शकतो, कधी एकदम स्ट्रोकच्या रूपात, कधी वर्षानुवर्षं हळूहळू.

स्वीडनमध्ये स्टॉकहोमला कॅरोलिन्स्का इन्स्टिट्यूटच्या लोकांनी ६० वर्षांवरच्या २,१४७ माणसांवर १२ वर्षांपर्यंत लक्ष ठेवलं. निवांत बसलेलं असताना ज्यांचे ठोके मिनिटाला ८० किंवा जास्त होते त्यांच्यात डिमेन्शियाचा, म्हणजे आठवण आणि समज हळूहळू जात राहण्याच्या आजाराचा, धोका ६० ते ६९ ठोके असणाऱ्यांपेक्षा ५५ टक्के जास्त निघाला. हा अभ्यास २०२१ च्या शेवटी छापून आला. आता हे वाचून लगेच आईची पल्स ८४ आहे म्हणून घाबरायचं नाही, कारण ५५ टक्के जास्त म्हणजे शंभरातल्या ५५ जणांना होतो असं नाही, आणि जलद नाडीमुळेच डिमेन्शिया झाला हे त्यातून सिद्धही होत नाही. दोन्हीच्या मागे तिसरंच कारण असू शकतं, म्हणजे चालणं-फिरणं बंद असणं, हृदय कमजोर असणं, झोप वाईट असणं. २०२४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञ कमिशनने डिमेन्शियाची टाळता येण्यासारखी जी १४ कारणं दिली त्यात हाय बीपी, डायबेटीस, बहिरेपणा, व्यायाम नसणं हे सगळं आहे, नाडीचा वेग वेगळा दिलेला नाही. म्हणून मी नाडीकडे खूण म्हणून बघते. खूण दिसली की कारण शोधायला जायचं. नुसती नाडी खाली आणायला गोळी मागायची नाही.

पायरी १: नाडी बोटांनी बघायला शिका

मशीन असलं तरी हे शिकाच, कारण मशीन आकडा सांगतं, ठोक्यांमधली लय बोटांना कळते.

माणसाला खुर्चीत टेकून पाच मिनिटं गप्प बसू द्या. चहा, जेवण, जिना चढणं, अंघोळ यानंतर निदान अर्धा तास जाऊ द्या, तंबाखू-बिडीनंतरसुद्धा. हात मांडीवर किंवा टेबलावर, तळवा वर. अंगठ्याच्या मुळापासून सरळ खाली मनगटावर या, तिथे बाहेरच्या बाजूला हाड लागतं आणि आतल्या बाजूला दोरीसारखा ताणलेला स्नायूचा पट्टा लागतो, या दोन्हींच्या मधल्या खोबणीत तर्जनी आणि मधलं बोट ठेवा. अंगठा वापरायचा नाही, त्याला स्वतःची नाडी असते आणि आपलेच ठोके मोजले जातात. आधी हलकं दाबा, नाही लागली तर थोडं जास्त, फार दाबलं तर नाडी गायब होते. वयस्कर माणसांची त्वचा सैल असते, हात गार असतात, पहिल्यांदा सापडायला वेळ लागतो, दुसऱ्या हातावर बघा. मानेवर बघायची सवय असेल तर वयस्कर माणसांच्या बाबतीत ती सोडा, मानेतली रक्तवाहिनी दाबली गेली तर ठोके एकदम कमी होऊन चक्कर येऊ शकते.

पूर्ण एक मिनिट मोजा. पंधरा सेकंद मोजून चारने गुणायची घाई इथे उपयोगाची नाही, अनियमित नाडी नेमकी त्यातच निसटते. मी एक करते, एका हाताने नाडी धरलेली असते आणि पायाचा अंगठा जमिनीवर ठोक्याबरोबर टेकवत राहते, म्हणजे लय बिघडली की पाय अडखळतो आणि लगेच लक्षात येतं.

लय तीन प्रकारची असते असं समजा. एक, घड्याळासारखी सरळ. दोन, सरळ चाललीय आणि मधेच एखादा ठोका चुकल्यासारखा किंवा लवकर आल्यासारखा वाटतो आणि परत सरळ, हे बऱ्याच वयस्करांत असतं, बहुतेक वेळा धोक्याचं नसतं, तरी वहीत लिहायचं आणि पुढच्या व्हिजिटला सांगायचं. तीन, काही ताळमेळच नाही, दोन पटपट, मग गॅप, मग तीन, मग एक जोरात एक हलका, पत्र्यावर पावसाचे पहिले टपोरे थेंब पडावेत तसं. हा तिसरा प्रकार सापडला तर खालची पायरी ५ आधी वाचा.

पायरी २: वही घाला

फोनमधलं अ‍ॅप वगैरे ठीक आहे पण डॉक्टरांसमोर वही उघडून ठेवली की ते दहा सेकंदांत पान बघतात, फोनवर स्क्रोल करायला त्यांना वेळ नसतो. रकाने असे ठेवा: तारीख आणि वेळ, बीपी, पल्स, लय सरळ की वाकडी, आणि शेवटचा रकाना मोठा ठेवा, शेऱ्याचा. रात्री झोप नाही, ताप, जुलाब, नवीन गोळी सुरू, पाहुणे आले होते, घरात भांडण झालं, सगळं त्यात. महिन्यानंतर आकड्यांपेक्षा हा रकानाच जास्त बोलतो.

पहिले दोन आठवडे रोज सकाळी, उठून लघवीला जाऊन आल्यावर, चहा आणि गोळ्यांच्या आधी. जमलं तर संध्याकाळी एकदा. दोन आठवड्यांत त्या माणसाचा नेहमीचा आकडा कळतो, कुणाचा ६२-६८, कुणाचा ७४-८०. त्यानंतर आठवड्यातून एकदा पुरे. तब्येत बिघडली किंवा गोळी बदलली की परत काही दिवस रोज. दिवसातून आठ वेळा मोजू नका, मोजायच्या टेन्शननेच नाडी वाढते आणि बिचारं माणूस दिवसभर मनगट धरून बसतं.

पायरी ३: आकडा वाचा, आणि गोळ्यांचा डबा उघडा

पुस्तकात मोठ्या माणसांची नॉर्मल नाडी ६० ते १०० दिलेली असते. माझ्या दृष्टीने त्यापेक्षा महत्त्वाचं म्हणजे त्या माणसाचा स्वतःचा नेहमीचा आकडा आणि त्यापासून झालेला बदल. आईची नाडी वर्षभर ६८-७२ असेल आणि आठवडाभर ८८-९२ येत असेल तर ती पुस्तकाप्रमाणे नॉर्मलच आहे, पण आईसाठी नॉर्मल नाही.

वाढली असेल तर कारणं साधी असतात आणि तपासता येतात. पाणी कमी पिणं हे आपल्याकडे उन्हाळ्यात पहिलं कारण, बऱ्याच बायका रात्री उठायला लागू नये म्हणून संध्याकाळनंतर पाणीच पीत नाहीत. रक्त कमी असणं, थायरॉइड, थायरॉइडच्या गोळीचा डोस जास्त होणं, लपलेलं इन्फेक्शन, दुखणं, काळजी, दम्याचा सालब्युटामॉलचा पंप, सर्दीच्या काही गोळ्या, जास्त चहा. मिश्री आणि तंबाखूसुद्धा, निकोटिन ठोके वाढवतं, आणि मिश्री लावणारी आजी स्वतःला तंबाखू खाणारी समजत नाही त्यामुळे डॉक्टरांनी विचारलं तर ती नाही म्हणते, तुम्ही सांगा. हिमोग्लोबिन, थायरॉइड, शुगर, किडनी आणि लघवीची तपासणी यातून बरंचसं कळतं, पण कुठल्या तपासण्या करायच्या ते डॉक्टरांना ठरवू द्या.

नाडी कमी येण्याचं प्रकरण जास्त गुंतागुंतीचं आहे आणि त्यावर घरात फारच कमी बोललं जातं. रोज चालणाऱ्या, कष्ट केलेल्या माणसाची नाडी ५५ असणं छान असू शकतं. पण गोळ्यांमुळे खाली आलेली नाडी वेगळी. मेटोप्रोलॉल, अ‍ॅटेनोलॉल, बिसोप्रोलॉल या गोळ्या नाडी कमी करतात, डिल्टियाझेम, व्हेरापामिल, डिगॉक्सिनसुद्धा. काचबिंदूसाठी डोळ्यांत टाकतात ते टिमोलॉलचे थेंबही मेटोप्रोलॉलच्याच जातीचं औषध आहे, ते नाकात उतरून रक्तात जातात आणि नाडी खाली आणू शकतात, आणि डोळ्यांच्या डॉक्टरांनी दिलेले थेंब हृदयाच्या डॉक्टरांना कुणी सांगतच नाही. ते थेंब टाकल्यावर डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा दोन मिनिटं बोटाने दाबून धरला तर कमी औषध रक्तात जातं.

आता यात जी गोष्ट मला सगळ्यांनी लक्षात ठेवावी असं वाटतं ती ही. विस्मरणासाठी अल्झायमरच्या पेशंटना डोनेपेझिल नावाची गोळी देतात. मेंदूत आठवणींच्या कामाला लागणारं अ‍ॅसिटिलकोलीन नावाचं रसायन कमी पडत असतं, ही गोळी ते टिकवून धरते. पण तेच रसायन मेंदूकडून हृदयाकडे जाणाऱ्या व्हेगस नर्व्हमधून हृदयाला हळू चाल असं सांगतं. ऑटो लोवी नावाच्या शास्त्रज्ञाने १९२१ मध्ये बेडकांच्या हृदयांवर जो प्रयोग केला त्यातून हे पुढे आलं, त्यांना पुढे १९३६ चं नोबेल मिळालं. म्हणजे मेंदूसाठी दिलेल्या गोळीने नाडी खाली येऊ शकते, आणि आधीच बीपीसाठी मेटोप्रोलॉल चालू असेल, डोळ्यांत टिमोलॉल असेल, तर तिन्ही मिळून नाडी ४५ वर येऊन माणूस बाथरूममध्ये चक्कर येऊन पडतो. तीन डॉक्टर, तीन चिठ्ठ्या, प्रत्येकाची चिठ्ठी आपापल्या जागी बरोबर, पण तिन्ही एकत्र बघणारे फक्त तुम्ही. डोनेपेझिल किंवा त्याच प्रकारचं रिव्हास्टिग्मिन सुरू करायच्या आधी ईसीजी काढायचा का असं विचारा, आणि सुरू झाल्यावर किंवा डोस वाढल्यावर काही आठवडे नाडी रोज लिहा.

बसलेलं असताना नाडी सारखी ५० च्या खाली येतेय किंवा कमी नाडीबरोबर चक्कर, डोळ्यांपुढे अंधारी, थकवा, गोंधळलेपणा आहे तर डॉक्टरांना त्याच दिवशी फोन. पण बीपी-हृदयाच्या गोळ्या आपल्या मनाने बंद करू नका, मेटोप्रोलॉलसारख्या गोळ्या एकदम थांबवल्या तर नाडी आणि बीपी उसळतं, हार्ट अटॅकसुद्धा येऊ शकतो.

पायरी ४: उभं राहून एकदा मोजा

महिन्यातून एकदा, आणि बीपीची, प्रोस्टेटची, झोपेची किंवा पार्किन्सनची गोळी नवीन सुरू झाली की. पाच मिनिटं आडवं पडून बीपी आणि पल्स घ्या, मग उभं करा, एका मिनिटाने घ्या, तीन मिनिटांनी परत घ्या. शेजारी कुणीतरी उभं राहा, मागे खुर्ची किंवा पलंग असू द्या. वरचं बीपी २० किंवा खालचं १० ने उतरलं तर ते डॉक्टरांना सांगण्यासारखं आहे, चक्कर आली नसली तरी. नेदरलँड्समधल्या रॉटरडॅमच्या दीर्घ अभ्यासात असं बीपी उतरणाऱ्यांमध्ये पुढे डिमेन्शियाचा धोका सुमारे १५ टक्के जास्त दिसला होता.

पण इथे पल्सचा रकाना खरा कामाचा. उभं राहिल्यावर बीपी उतरलं आणि नाडी चांगली १५-२० ने वाढली तर शरीर भरपाई करायला बघतंय, बहुधा पाणी कमी पडलंय, रक्त कमी आहे किंवा गोळीचा डोस जास्त होतोय. बीपी बरंच उतरलं आणि नाडी जागची हललीच नाही तर भरपाई करणाऱ्या नसाच नीट काम करत नसतील, हे जुन्या डायबेटीसमध्ये होतं, पार्किन्सनमध्ये होतं, लेवी बॉडी नावाच्या डिमेन्शियात होतं. नाडी कमी करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर त्यामुळेही नाडी हलत नाही, म्हणून गोळ्यांची यादी सोबत लागते. निदान डॉक्टर करतील, तुम्ही फक्त तीन ओळी लिहून न्या.

पायरी ५: लय बिघडलेली असेल तर

हा सगळ्या लेखातला सगळ्यात महत्त्वाचा भाग. ताळमेळ नसलेली नाडी म्हणजे बहुतेक वेळा एट्रियल फिब्रिलेशन, डॉक्टर त्याला नुसतं एएफ म्हणतात. हृदयाचे वरचे कप्पे नीट आकुंचन न पावता नुसते थरथरत राहतात, रक्त कोपऱ्यात साचतं, गुठळी होते, ती सुटून मेंदूत गेली की स्ट्रोक. अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅमच्या अभ्यासात एएफ असणाऱ्यांना स्ट्रोकचा धोका जवळपास पाचपट दिसला. मोठा स्ट्रोक झाला नाही तरी बारीक बारीक गुठळ्यांनी मेंदूचे छोटे छोटे भाग मरत राहू शकतात, आणि घरच्यांना फक्त बाबा हल्ली विसरतात एवढंच दिसतं. कित्येकांना यात छातीत काहीच होत नाही, धडधडसुद्धा नाही.

आमच्या बिल्डिंगमधल्या एका काकांची मुलगी बीपीचं मशीन घेऊन आली होती, म्हणे हे बिघडलंय. एकाच बैठकीत पल्स ७६, मग ९१, मग ६८, आणि स्क्रीनवर हृदयाचं चिन्ह वेडंवाकडं ब्लिंक होत होतं. सेल बदलून झाले होते. आम्ही काकांचं मनगट धरलं, मशीन ठीक होतं. दुसऱ्या दिवशी ईसीजीत एएफ निघालं. काकांची तक्रार काय तर गेले काही महिने दुपारी जरा जास्त पडावंसं वाटतं.

तर करायचं काय. लय वाकडी लागली तर एक-दोन दिवसांत ईसीजी काढा, जवळच्या कुठल्याही फिजिशियनकडे निघतो. छातीत दुखणं, दम लागणं, बेशुद्धी असेल तर एक-दोन दिवस नाही, लगेच. एएफ येऊन-जाऊन असतं, ईसीजी काढताना नेमकं नसेल तर नॉर्मल येतो, म्हणून वही दाखवा आणि २४ तासांचा होल्टर (अंगावर लावून ठेवायचा ईसीजी) किंवा त्यापेक्षा जास्त दिवसांचं मॉनिटरिंग लागेल का ते विचारा. एएफ निघालं तर पहिला प्रश्न रक्त पातळ करणाऱ्या गोळीचा. वय, बीपी, शुगर, आधीचा स्ट्रोक असं बघून डॉक्टर ठरवतात. अ‍ॅपिक्सॅबॅन, रिव्हारॉक्सॅबॅन, डॅबिगॅट्रॅन या नव्या गोळ्या, आणि जुनी वॉरफॅरिन किंवा असिट्रॉम, ज्यासाठी आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते, तपासत राहावं लागतं. लहानपणीच्या सांधेतापाने व्हॉल्व्ह आखडलेला असेल, जे आपल्या देशात अजून बरंच दिसतं, किंवा कृत्रिम धातूचा व्हॉल्व्ह असेल तर जुन्याच गोळ्या देतात.

अ‍ॅस्पिरिन चालू आहे ना मग बास, असं खूप घरांत समजतात. ब्रिटनमध्ये ७५ वर्षांवरच्या एएफच्या पेशंटवर २००७ मध्ये छापलेल्या ट्रायलमध्ये (म्हणजे कुणाला कुठली गोळी ते चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवून केलेल्या चाचणीत) वॉरफॅरिनवाल्यांचे स्ट्रोक अ‍ॅस्पिरिनवाल्यांच्या निम्म्याहून कमी होते आणि मोठा रक्तस्राव दोन्हीकडे सारखाच. वय झालंय, रक्त पातळ करायची गोळी नको, या भीतीने ती नाकारली जाते आणि खरं तर वय जितकं जास्त तितकी तिची गरज जास्त. स्वीडनच्या एका मोठ्या नोंदीत एएफ असून या गोळ्या घेणाऱ्यांमध्ये डिमेन्शिया न घेणाऱ्यांपेक्षा २९ टक्के कमी दिसला, तो ट्रायल नव्हता त्यामुळे श्रेय सगळं गोळीलाच देता येत नाही, पण स्ट्रोक टळतो हे तर पक्कंच आहे.

गोळी सुरू झाली की डोस चुकवायचा नाही, नव्या गोळ्यांचा असर एखाद्या दिवसातच उतरतो. गुडघेदुखीसाठी दुकानातून आणलेली डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन बंद, यांच्याबरोबर रक्तस्राव वाढतो. काढे, आयुर्वेदिक गोळ्या चालू असतील तर लपवू नका. वॉरफॅरिनवर पालेभाजी बंद करायची नाही, रोजचं प्रमाण साधारण सारखं ठेवायचं. दात काढायचा असेल तर दातांच्या डॉक्टरांना आधी सांगायचं. पडून डोक्याला मार लागला तर बाहेरून काही दिसत नसलं तरी हॉस्पिटल.

पायरी ६: घड्याळ, ऑक्सिमीटर यांचं काय करायचं

कोविडमध्ये घेतलेला ऑक्सिमीटर ड्रॉवरमध्ये असेलच, तो पल्स दाखवतो, पण बोटं गार असली, नेलपॉलिश असलं, हात हलला तर चुकतो. एएफमध्ये हलके ठोके बोटापर्यंत पोचतच नाहीत म्हणून तो कमी मोजतो, बीपीचं मशीनही गडबडतं, तेव्हा एएफ असेल तर बीपी तीनदा घेऊन सरासरी लिहा.

अमेरिकेत, दुबईत असलेली मुलं आईबाबांना स्मार्टवॉच पाठवतात, चांगलं आहे, पट्टा मनगटाच्या हाडाच्या वर नीट घट्ट हवा आणि चार्जिंगची जबाबदारी घरातल्या कुणाकडे तरी हवी. स्टॅनफर्डच्या २०१९ च्या अ‍ॅपल हार्ट स्टडीत चार लाखांवर लोक होते, त्यातल्या ०.५२ टक्के लोकांना अनियमित नाडीचा इशारा आला, आणि नंतर ईसीजीचा पॅच लावून परत पाठवणाऱ्यांपैकी ३४ टक्क्यांत एएफ दिसलं. म्हणजे इशारा आला की ईसीजी काढायचा, घाबरून रात्री तीनला फोनाफोनी नको, आणि इशारा आला नाही म्हणून नाडी बघायची थांबवायची नाही.

घड्याळावर एचआरव्ही नावाचा आकडा असतो, दोन ठोक्यांमधलं अंतर किती बदलतं त्याचा. वयाप्रमाणे तो कमी होत जातो, माणसामाणसांत खूप फरक असतो, शेजाऱ्याशी तुलना करू नका. आणि एक लक्षात ठेवा, एएफमध्ये लय बिघडलेली असल्यामुळे हा आकडा उलट छान वाढलेला दिसतो. अचानक एचआरव्ही खूप सुधारला तर खूश व्हायच्या आधी मनगटावर दोन बोटं ठेवा.

पायरी ७: नाडी निवांत राहावी म्हणून रोज काय

चालणं. त्याला पर्याय मला अजून सापडलेला नाही. किती जोरात, तर चालताना बोलता आलं पाहिजे आणि गाणं म्हणता येऊ नये. वयावरून कमाल ठोक्यांचा जो फॉर्म्युला फिरतो तो मेटोप्रोलॉलसारखी गोळी घेणाऱ्यांना लागूच होत नाही, त्यांना ही बोलण्याची कसोटीच वापरा. जे वर्षानुवर्षं चाललेले नाहीत त्यांनी दहा मिनिटांपासून सुरू करा, तेही डॉक्टरांना विचारून. गुडघे साथ देत नसतील तर खुर्चीत बसून हातपाय हलवा, भिंतीला धरून उठबस करा. काही महिन्यांत वहीतला सकाळचा आकडा चार-पाच ठोक्यांनी खाली आलेला दिसू शकतो, आणि तेव्हा त्या माणसाला वही नक्की दाखवा, त्याला फार बरं वाटतं.

संथ श्वास. मिनिटाला सहाच्या आसपास श्वास घेतला की नाडी आणि बीपी एका तालात वरखाली व्हायला लागतात. इटलीच्या संशोधकांनी २००१ मध्ये दाखवलं की कॅथलिक लोकांची जपमाळ आणि ओम मणिपद्मेचा जप, दोन्हींनी श्वास आपोआप या वेगावर येतो. म्हणजे ज्या आजींना प्राणायाम शिकायला कंटाळा येतो त्यांनी संध्याकाळी हरिपाठ किंवा नामजप सावकाश लांब श्वासावर म्हटला तरी याच वेगाच्या जवळ जाता येईल. दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठात लोकांनी चार आठवडे दिवसातून दोनदा २० मिनिटं असा संथ श्वास घेतला तेव्हा अल्झायमरशी संबंधित अमायलॉइड नावाचं प्रथिन रक्तात कमी झालेलं दिसलं. यातून डिमेन्शिया टळतो असं अजून म्हणता येत नाही, पण खर्च शून्य. जबरदस्तीने श्वास रोखून धरणं, जोरजोरात भस्त्रिका-कपालभाती हे मात्र हृदयाच्या किंवा बीपीच्या पेशंटनी विचारल्याशिवाय नको.

झोपेत घोरणं आणि मधेच श्वास थांबून गुदमरल्यासारखं होणं हे नुसतं घरातल्यांची झोपमोड म्हणून सोडू नका. स्लीप अ‍ॅप्निया असला तर रात्रभर नाडी आणि ऑक्सिजन वरखाली होतात, एएफचा धोका वाढतो, सकाळी डोकं जड असतं, लक्ष लागत नाही. स्लीप स्टडीबद्दल विचारा.

पायरी ८: त्याच वहीत मेंदूच्याही नोंदी

मागच्या पानांपासून सुरू करा. विसरले असं एका शब्दात नको, प्रसंग लिहा. एकच गोळी दोनदा घेतली, रोजच्या देवळातून येताना रस्ता चुकला, गॅस चालू राहिला, बँकेचा हिशोब पूर्वी स्वतः करायचे आता टाळतात, बोलताना शब्द सापडत नाही. भारतात ६० च्या पुढच्या माणसांत डिमेन्शियाचं प्रमाण साधारण ७.४ टक्के निघालंय, आणि वयच झालं म्हणून त्यातली कितीतरी माणसं डॉक्टरांपर्यंत जातच नाहीत. महिनोन् महिने हळूहळू वाढणारा विसर असेल तर न्यूरोलॉजिस्टची किंवा मेमरी क्लिनिकची अपॉइंटमेंट घ्या आणि नाडीची पानंही सोबत न्या.

पण एक-दोन दिवसांत एकदम बदल झाला, काल नीट बोलणारे बाबा आज बरळतायत, दिवसा झोपतात रात्री उठून कपाट आवरतात, किंवा उलट एकदम गप्प गप्प, हाक मारली तर फक्त डोळे उघडतात, तर तो डिमेन्शिया वाढलेला नसतो, बहुधा डिलिरियम, म्हणजे दुसऱ्या आजारपणाने अचानक आलेला गोंधळ, असतो. लगेच नाडी, ताप, ऑक्सिजन, शुगर बघा. नाडी नेहमीपेक्षा २०-२५ ने वर असेल तर लघवीचं किंवा छातीचं इन्फेक्शन, पाणी कमी होणं, लघवी तुंबणं यातलं काहीतरी बऱ्याचदा निघतं. वयस्करांना ताप कित्येकदा चढतच नाही, नाडीच आधी सांगते. त्याच दिवशी दाखवा. यावर उपचार झाले तर बरेच जण पुन्हा पहिल्यासारखे होतात.

पायरी ९: थांबायचं नाही अशा वेळा

चेहरा एका बाजूला वाकडा, एक हात किंवा पाय लुळा, बोलणं अडखळलं, एका डोळ्याने दिसेनासं झालं, अचानक तोल गेला, यातलं काहीही झालं तर नाडी-बीपी मोजत बसू नका, १०८ लावा किंवा गाडी काढा. जिथे सीटी स्कॅन आहे अशाच हॉस्पिटलला जा, कुठलं ते आत्ताच ठरवून ठेवा. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारणपणे साडेचार तासांच्या आत देतात, आणि ते तास माणूस शेवटचा ठीक दिसला तेव्हापासून मोजतात, म्हणून ती वेळ लक्षात ठेवा. लक्षणं दहा मिनिटांत गेली तरी जायचं. तोंडात पाणी, अ‍ॅस्पिरिन काही घालू नका. निवांत बसलेलं असताना नाडी १२० च्या वर आणि उतरत नाही, नाडी ४० च्या आसपास, छातीत दुखणं, बेशुद्ध पडणं, यालाही लगेच निघायचं हाच नियम.

वहीच्या पहिल्या पानावर गोळ्यांची यादी चिकटवा, डोळ्यांचे थेंब, इनहेलर, पॅच सगळं धरून, डोस आणि वेळेसकट, आणि रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर ती लाल पेनने सगळ्यात वर. त्याच पानाचा फोटो घरातल्या सगळ्यांच्या फोनमध्ये ठेवा, परगावच्या मुलांच्यासुद्धा. गोळी बदलली की यादी त्याच दिवशी बदलायची आणि नवा फोटो पाठवून जुना डिलीट करायला सांगायचं.